दात येताना होणारे जुलाब

‘दात येत आहेत, जुलाब व्हायचेच,’ हे वाक्य आजही घरोघरी ऐकू येते. सहा महिने ते दोन वर्षे या वयात दात येतात आणि याच वयात उलट्या-जुलाबांचे प्रमाणही अधिक असते, हे निरीक्षण खरे आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. याच सुमारास आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती ओसरते, वरचे अन्न सुरू होते आणि रांगणारे बाळ हाती लागेल ते तोंडात घालते. विषाणूंना हीच संधी पुरते.

या विषाणूंमध्ये रोटाव्हायरस प्रमुख होय. १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी बालकांच्या आतड्यातील पेशींत तो पाहिला. चाकासारख्या आकारावरून त्यास लॅटिन भाषेतील ‘रोटा’ हे नाव मिळाले. नोरोव्हायरस, अ‍ॅस्ट्रोव्हायरस व अ‍ॅडिनोव्हायरसचे ४० आणि ४१ हे प्रकार हे त्याचे इतर सोबती. बहुधा प्रथम उलट्या व ताप आणि मागोमाग पाण्यासारखे जुलाब असा क्रम दिसतो.

लहान आतड्याच्या अस्तरावर बोटांसारखे सूक्ष्म उंचवटे असतात. रोटाव्हायरस त्यांच्या टोकांवरील पेशी नष्ट करतो. त्यामुळे पाणी व क्षार शोषले न जाता वाहून जातात. येथे प्रतिजैविके निरुपयोगी ठरतात, तर जुलाब थांबविणारी औषधे बालकांना अपायकारक ठरू शकतात. उरलेल्या पेशी मात्र साखरेसोबत मीठ आणि त्यासोबत पाणी शोषून घेतात. जलसंजीवनीचे मर्म हेच. १९७१ साली बनगाव येथील निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिच्या बळावर पटकीच्या असंख्य रुग्णांना वाचविले.

म्हणून पालकांनी जलसंजीवनी चमच्याचमच्याने पाजावी; उलटी झाल्यास दहा मिनिटे थांबून पुन्हा द्यावी. स्तनपान व नेहमीचा आहार बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक चौदा दिवस द्यावे, जुलाब आधी थांबले तरीही. डोळे खोल जाणे, लघवी न होणे, सुस्ती, पाणी न पिणे किंवा शौचात रक्त यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे.

प्रतिबंधाचा उपायही उपलब्ध आहे. दिल्लीतील एका नवजात बालकापासून मिळालेल्या विषाणूवरून तयार झालेली व आपल्या हैदराबादेत बनणारी ‘रोटाव्हॅक’ ही तोंडावाटे द्यावयाची लस २०१६ पासून राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने आली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात ती दिली जाते. सर्वच जुलाब तिने टळत नाहीत. रोटाव्हायरसच्या गंभीर आजाराचा धोका मात्र बराच कमी होतो. साबणाने हात धुण्याची सवय तर हवीच. नोरोव्हायरसवर अल्कोहोलयुक्त द्रवाचा भरवसा धरता येत नाही.

दातांच्या नावाखाली वाया गेलेला एखादा दिवसही तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतो. आजीबाईंचे निरीक्षण जपावे, पण जुलाब लागताच हाती जलसंजीवनीची वाटी घ्यावी.