गाडीची वही पडद्यावर

जुनी गाडी जिवापाड सांभाळणाऱ्याकडे बहुधा एक वही असते. प्रीमियर पद्मिनी असो की मारुती ८००, डॅशबोर्डच्या कप्प्यात ती तेलाच्या डागांसकट सापडते. पेट्रोल कधी भरलं, क्लच प्लेट कधी बदलली, मेकॅनिकला किती दिले, सगळं तिच्यात. आपल्याला गाड्यांचं वेड असेल आणि हौस म्हणून वेब-ॲप (ब्राउझरमध्ये उघडणारा, आपली माहिती साठवणारा प्रोग्रॅम) करायचं असेल, तर ही वही उत्तम सुरुवात आहे. खरेदी-विक्री, गप्पांचा कट्टा वगैरे बेत तूर्त बाजूला ठेवावेत.

पहिलं काम संगणक न उघडता करायचं. वहीची चार पानं समोर घेऊन कागदावर तीन तक्ते आखा: गाड्या, इंधन आणि दुरुस्ती.

इथेच पहिली चूक होते. गाडीची ओळख म्हणून आपण सहज नंबरप्लेट घेतो. पण ‘एमएच १२’ कुणी सलग लिहितं, कुणी मध्ये जागा सोडतं, आणि गाडी कायमची दुसऱ्या राज्यात नेली की नंबरच बदलतो. म्हणून प्रत्येक गाडीला आपला साधा अनुक्रमांक द्यावा. नंबरप्लेट ही नुसती एक नोंद.

आता साधनं. नवशिक्याला पायथन ही भाषा आणि तिच्यातलं जँगो हे फ्रेमवर्क (वेब-ॲपचा तयार सांगाडा) सोयीचं पडतं. २००५ साली खुलं झालेलं जँगो लॉगिनची व्यवस्था आयती देतं. पासवर्ड साठवण्याची पद्धत स्वतः शोधून काढायची हौस मात्र करू नये. माहिती ठेवायला एसक्यूलाइट पुरतं: अख्खा डेटाबेस, म्हणजे सगळे तक्ते, एकाच फाइलमध्ये.

मग नोंदीचं पान. फोनवर मराठी कीबोर्ड असेल तर कुणीतरी ‘४५’ असंच लिहिणार. पायथनला हे आकडे समजतात, ब्राउझरमधल्या जावास्क्रिप्टला नाही. तपासणी दोन्हीकडे असेल तर हे आधी जुळवून घ्या.

खरी गंमत ॲव्हरेज काढताना. समजा, ३८,४२० किलोमीटरला टाकी फुल केली. ३८,६०० ला घाईत १० लिटर टाकलं. ३८,८१२ ला पुन्हा फुल केली, तेव्हा १८ लिटर बसलं. भोळं ॲप प्रत्येक भरण्याचा वेगळा हिशेब करतं आणि आधी १८ चं, मग ११.८ चं ॲव्हरेज दाखवतं. मालक आधी पेढे वाटतो, मग कार्बोरेटर उघडायला निघतो. दोन्ही आकडे खोटे. फुल ते फुल ३९२ किलोमीटर, मधलं धरून पेट्रोल २८ लिटर, म्हणजे लिटरला १४. त्यामुळे ‘टाकी फुल?’ हा रकाना हवाच, आणि दोन फुल भरण्यांच्या मधलं सगळं पेट्रोल एकत्र धरायचं. एखादी नोंद राहून गेली असेल तर त्या टप्प्याचं ॲव्हरेज दाखवूच नये.

जुन्या गाड्यांची आणखी एक खोड. कित्येकींचा किलोमीटरचा काटा पाच आकडी असतो. ९९,९९९ नंतर तो शून्यावर येतो. ‘नवा आकडा जुन्यापेक्षा मोठाच हवा’ असा कडक नियम घातलात, तर लाखभर चाललेली गाडी आपल्याच ॲपबाहेर राहील. आकडा घटला तर अडवू नका, विचारा: काटा फिरला, की टाइप करताना चूक झाली?

पीयूसी आणि विम्याची आठवण हवी असेल तर शेवटची तारीखच नोंदवून घ्या, मुदत मोजत बसू नका. बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांची पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्यांची सहा महिने.

ॲप इंटरनेटवर चढवताना जँगोची ‘डीबग’ सोय बंद करा. नाहीतर बिघाड झाला की आतल्या गोष्टी कुणालाही दिसतात. काही फुकट सर्व्हरवर दर नव्या आवृत्तीबरोबर डिस्क कोरी होते आणि एसक्यूलाइटची फाइलही जाते, तेव्हा रोजची प्रत दुसरीकडे हवी. गाड्यांचे फोटो घेत असाल तर त्यांत दडलेलं ठिकाण पुसूनच साठवा. देखण्या जुन्या गाडीचा फोटो कित्येकदा मालकाच्या दारातच काढलेला असतो.

हे झालं की ॲप एखाद्या मित्राला द्या आणि त्याच्याबरोबर पेट्रोल पंपावर जा. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत असताना तीन रकाने भरून होतात. आठ होत नाहीत.