स्तनातील गाठ : ‘कर्करोग नाही’ या निदानानंतर
स्तनातील बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. तथापि काही विरळ गाठींबाबत सावध राहणे आवश्यक आहे. ‘फायलॉइड्स’ ही गाठ झपाट्याने वाढते व सहसा दुखत नाही. ती बहुधा सौम्य असली, तरी पूर्णपणे न काढल्यास त्याच जागी पुन्हा उद्भवू शकते. बायॉप्सीच्या अहवालात ‘अटिपिकल हायपरप्लेसिया’, म्हणजे पेशींची असामान्य वाढ, असा उल्लेख असल्यास तो कर्करोग नव्हे. मात्र पुढे कर्करोग होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेत सुमारे ४ पट असतो. म्हणून अहवाल जपून ठेवावा व डॉक्टरांनी सांगितलेल्या फेरतपासण्या चुकवू नयेत. वयाच्या ३० व्या वर्षापासून दर ५ वर्षांनी आरोग्य केंद्रात स्तनतपासणी करून घ्यावी. गाठ दुखत नाही म्हणून तपासणी लांबणीवर टाकू नये.