मास मीडियाची पदवी आणि कर्जाचा हप्ता

अष्टमीतली लेक बारावी झाली की म्हणते, मुंबईला मास मीडिया शिकते. घरचे विचारतात, कर्ज किती मिळेल? आम्ही म्हणतो, आधी हप्ता विचारा.

४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागत नाही. आईची किंवा वडिलांची सही मात्र सहकर्जदार म्हणून लागते. बचत गटासारखा हप्ता लगेच सुरू होत नाही, शिक्षण संपून साधारण वर्षभराने होतो. पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढते. १० टक्क्यांनी ४ लाखांचे वर्षाला ४० हजार! ते शिकतानाच भरत गेलात तरी पुढे सात वर्षे दरमहा सुमारे ६,६४० रुपये हप्ता बसतो. न भरल्यास आणखी जास्त.

समजा, पहिला पगार १८ हजार. खोली, डबा, लोकल यांत १२ हजार गेले, तर हप्त्यापुरतेही उरत नाही. कर्ज २ लाखांवर रोखले तर हप्ता ३,३२०, तो झेपेल. पगार पुढे वाढेलही, पण हप्ता त्यासाठी थांबत नाही.

वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींना राज्य शासनाने २०२४-२५ पासून अनेक व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली आहे. आपला अभ्यासक्रम त्यात बसतो का, ते कॉलेजात प्रवेशाआधीच विचारा.