सुटी होणारी एअर रायफल घ्यायचीय? आधी नेम कशावर धरणार ते ठरवा

ज्यांना एपिसोड ऐकायला जमला नाही त्यांच्यासाठी हा नेहमीसारखा लिहून काढलेला भाग. थोडा साफसूफ केलाय, पण बोलणं तेच आहे.

मागच्या आठवड्यात साताऱ्याकडच्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. म्हणतो, "दादा, सॅकमध्ये मावेल अशी, दोन तुकडे होणारी एअर रायफल घ्यायचीय. घरामागे टार्गेट मारीन, आणि शेतावर गेलो की एखादा ससा, तितर. कुठली घेऊ?"

प्रश्न एक दिसतो, पण आत दोन आहेत. पहिला बंदुकीचा, दुसरा नेमाचा. आधी बंदूक बघू.

सुटी होणारी म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत हिला टेकडाउन म्हणतात. नळी आणि दस्ता वेगळे होतात, पिशवीत बसतात, जागेवर गेल्यावर परत जोडायचे. कल्पना नवी नाही. १७८० च्या सुमाराला ऑस्ट्रियाच्या सैन्यात जिरार्डोनी नावाची एअर रायफल होती. तिचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी. हवा संपली की दस्ता फिरवून काढायचा, दुसरा भरलेला लावायचा. अमेरिकेत लुईस आणि क्लार्क १८०४ साली पश्चिमेकडे निघाले तेव्हा त्यांच्या सामानातही एक एअर रायफल होती.

आजही टेक्सासच्या एअरफोर्स कंपनीची टॅलन एसएस याच तत्त्वावर चालते. मागची टाकी हाच दस्ता, तो फिरवून निघतो. पण एक गोष्ट नीट लक्षात घ्या. नळी आणि दुर्बीण दोन्ही पुढच्या एकाच सांगाड्यावर राहतात. टाकी काढली, लावली, तरी त्या दोघींचं एकमेकींशी असलेलं नातं हलत नाही. आजच्या एपिसोडमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच.

एका अंशाचा दहावा भाग

समजा, तुमच्या रायफलची नळी एका तुकड्यावर आहे आणि दुर्बीण दुसऱ्यावर. जोडताना सांध्यात केसभर फरक राहिला, फक्त ०.१ अंश. डोळ्याला दिसणार नाही. पण १० मीटरवर छर्रा साडेसतरा मिलिमीटर बाजूला जाईल.

साडेसतरा मिलिमीटर म्हणजे किती? ऑलिंपिकच्या १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आणि पुढची प्रत्येक रिंग अडीच मिलिमीटरवर. म्हणजे तुम्ही दहावर नेम धरलात आणि छर्रा सात रिंगा बाहेर. तुमचा हात चुकला नाही, श्वास चुकला नाही. सांधा चुकला.

म्हणून दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो पॉवरचा नाही. विचारायचं, "सुटी केल्यावर नळी आणि दुर्बीण एकाच तुकड्यावर राहतात का?" हो असेल तर पुढे बोला.

आणि कुठे मारून बघायला मिळालीच तर ही परीक्षा घ्या. टेकून पाच छर्रे मारा. रायफल सुटी करा, जोडा, परत पाच. असं चार वेळा, दर वेळी नवा कागद. मग चारही कागद एकावर एक ठेवून उजेडात धरा. भोकांचे झुपके एकाच जागी पडले तर सांधा पक्का. झुपका दर वेळी सरकत असेल तर ती रायफल जोडल्यावर दर वेळी नेम नव्याने लावावा लागेल.

स्प्रिंग, पंप की टाकी?

स्प्रिंगवाली सगळ्यात सोपी. नळी मोडून वाकवली की आतली स्प्रिंग दाबली जाते. पण इथे नळी हीच तरफ असते. नळी आखूड केली की तीच स्प्रिंग दाबायला जास्त जोर लागतो. त्यात स्प्रिंग सुटताना बंदूक आधी मागे आणि मग पुढे असा दुहेरी झटका देते, त्याने स्क्रू ढिले होतात. म्हणून छोटी आणि सुटी होणारी हवी असेल तर स्प्रिंग हा फारसा चांगला जोडीदार नाही. शिवाय छर्रा न भरता ती कधी चालवू नका, आतला दट्ट्या आपटून खराब होतो.

हाताने पंप मारायची रायफल लहान करता येते, सोबत काही लागत नाही. फक्त प्रत्येक छर्र्यामागे पंप मारत बसावं लागतं.

पीसीपीमध्ये हवा आधीच टाकीत भरलेली असते, साधारण २०० बारला. गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार असतात, त्यावरून अंदाज घ्या. झटका जवळजवळ नाही, नेम सुंदर. पण ती हवा भरायला वेगळा पंप किंवा सिलिंडर लागतो. रायफल सॅकमध्ये बसली तरी पंप कुठे बसवणार? खर्च आणि वजन मोजताना हे धरा.

चौथा पर्याय बुलपपचा. यात यंत्रणा घोड्याच्या मागे, दस्त्यात सरकवलेली असते. लांबी कमी होते आणि सुटं करायची गरजच राहत नाही.

आता थोडं उलटं बोलतो. २००८ मध्ये बीजिंगला अभिनव बिंद्राने, २०२२ मध्ये कैरोला आपल्या ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने ज्या प्रकारात सुवर्ण मिळवलं, त्या प्रकारातल्या रायफली लांब आणि जड असतात. नियमाने साडेपाच किलोपर्यंत चालतात. जड बंदूक कमी थरथरते म्हणून. छोटी आणि हलकी रायफल न्यायला सोपी, पण स्थिर धरायला अवघड. आणि त्या रायफलींची ताकद किती? साडेसात ज्यूलच्या आसपास. कागदाला भोक पाडायला जास्त लागत नाही.

आणि तो ससा?

आता दुसरा प्रश्न. इथे मी माझी गोष्ट सांगतो, कारण भाषण द्यायचा अधिकार मला नाही.

मी चौदा वर्षांचा होतो. उन्हाळ्यात मामाकडे गेलेलो. मामाची जुनी एअरगन माळ्यावरून काढली आणि बाभळीवरच्या होल्यावर नेम धरला. लागला. मी ओरडलो आनंदाने. पण होला मेला नव्हता. खाली पडून एका पंखावर गोल गोल फिरत होता. बराच वेळ. मला पुढे काय करायचं ते माहीतच नव्हतं. आजी आली, तिने पाखराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "खाणार होतास का रे?" मी मान हलवली, नाही म्हणून. ती काही बोलली नाही. पदराखाली त्याला उचलून घेऊन गेली. त्या सुट्टीत मी माळ्यावर परत चढलो नाही.

तेव्हा मला माहीत नव्हतं की तो गुन्हाही होता. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. ससा, तितर, होला, सगळे त्यात येतात. नुसता मारण्याचा प्रयत्न केला तरी कायद्याच्या भाषेत ती शिकारच. शेत स्वतःचं असलं तरी सूट नाही. तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि "एअरगन होती, खरी बंदूक नव्हती" हे कारण चालत नाही.

अरुणाचल प्रदेशात २०२१ मध्ये एअरगन सरेंडर अभियान सुरू झालं. जंगलातली पाखरं कमी होऊ लागली म्हणून लोकांनी आपणहून एअरगन सरकारजमा केल्या. शिकार जिथे रोजच्या जगण्यात मुरलेली आहे, तिथली ही गोष्ट.

परदेशात राहणाऱ्या श्रोत्यांचं वेगळं. अमेरिकेत राज्याराज्याचे नियम निराळे, परवाना आणि हंगाम बघावा लागतो. इंग्लंडमध्ये साध्या एअर रायफलला १२ फूट-पाउंडांची, म्हणजे सुमारे १६ ज्यूलची मर्यादा आहे. तिथेही जबाबदार शिकारी जवळ जाऊनच नेम धरतात, कारण जनावर जखमी होऊन पळणं ही त्यांच्या लेखी नामुष्कीच.

मग घेऊ की नको?

घे, मित्रा. पण यादीतून ससा-तितर खोड. खोडल्यावर बघ, निवड किती सोपी होते. ०.१७७ इंची, म्हणजे साडेचार मिलिमीटर नळी आणि २० ज्यूलच्या आतली ताकद एवढं पुरतं. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या मर्यादेतल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. विकणारा ओळखपत्र मागेल, ते दे, आणि बिल सॅकमध्ये रायफलबरोबरच ठेव. तुझ्या भागात काही वेगळा आदेश आहे का, ते पोलिस ठाण्यात विचारून घे.

घरामागे मारणार असशील तर टार्गेटमागे छर्रा अडेल असं काहीतरी हवं. वाळूची पेटी चालेल, विटांची भिंत नको, छर्रा उलटा येतो. डोळ्यावर चष्मा हवाच. आणि रायफल सुटी केली म्हणजे ती रिकामी झाली असं समजू नकोस. आधी नळी रिकामी आहे ना बघ, मग सुटी कर.

त्याहूनही आधी एक कर. जवळच्या शूटिंग रेंजवर जा आणि तिथली जड, लांब, अजिबात सॅकमध्ये न मावणारी रायफल एकदा हातात घे. अर्ध्या मिलिमीटरचा तो ठिपका समोर आला की कळेल, कागदही सहजासहजी हाती लागत नाही.

कागद फाटला तर दुसरा लावता येतो. भेटू पुढच्या एपिसोडला.