उदासीन अणूतील प्रभारसंतुलन

सोडियमच्या अणुकेंद्रकात ११ प्रोटॉन व केंद्रकाभोवती ११ इलेक्ट्रॉन असतात, म्हणून हा अणू विद्युतदृष्ट्या उदासीन असतो. पाठ्यपुस्तके बहुधा येथेच थांबतात. वस्तुतः दोन्ही कणांचे प्रभार परिमाणाने तंतोतंत समान असतील, तरच ही समसंख्या पुरेशी ठरते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे १८३६ पट जड असूनही प्रभार मात्र तेवढाच! या प्रभारांत एकावर अठरा शून्ये एवढ्या भागांपैकी दोन भागांचा जरी फरक असला, तरी हायड्रोजनच्या अणूंमधील प्रतिकर्षण गुरुत्वाकर्षणावर मात करील. विश्वाच्या प्रसरणाचे कारण हेच असावे, असे लिटलटन व बाँडी यांनी १९५९ मध्ये सुचविले होते. वायूंवरील प्रयोगांनी ती कल्पना फेटाळली. सल्फर हेक्झाफ्लोराइडवरील २०११ मधील मापनात एकावर एकवीस शून्यांपैकी सुमारे एका भागापर्यंतही फरक आढळला नाही. या समानतेचे सर्वमान्य स्पष्टीकरण अद्याप उपलब्ध नाही.