आरसा नसलेल्या पृष्ठभागावरचे रेणू

भिंतीच्या पांढऱ्या रंगातले टायटॅनियम डायऑक्साइड किंवा मोटारीचा धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणेतला सिरिया, म्हणजे सिरियमचे ऑक्साइड, यांवर वायूचे रेणू येऊन चिकटतात, पण आत शिरत नाहीत. या चिकटण्याला अधिशोषण म्हणतात, आणि उत्प्रेरकाचे खरे काम या रेणूभर जाडीच्या थरातच चालते.

हा थर ओळखण्यासाठी त्यावर अवरक्त किरण टाकून कोणते किरण शोषले जातात ते पाहतात, आणि साक्षीदार म्हणून बहुधा कार्बन मोनॉक्साइड निवडतात, कारण त्याचा बंध ताणलेल्या स्प्रिंगसारखा कंप पावतो व त्या कंपनाची तरंगसंख्या, म्हणजे एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींची संख्या, मोकळ्या वायूत 2143 असते. प्लॅटिनमसारखा धातू आपले इलेक्ट्रॉन या रेणूकडे सरकवतो, बंध सैल पडतो आणि आकडा घसरतो. टायटॅनियम डायऑक्साइडवर मात्र धन आयनाच्या विद्युतक्षेत्रात बंध उलट ताठ होऊन आकडा 2180 च्या आसपास चढतो.

आयशेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1954 मध्ये भुकटीवर बसवलेल्या धातूंवर हे तंत्र वापरले. पण भुकटीच्या कणाला अनेक फलक असल्याने खुणा एकमेकींत मिसळतात, म्हणून एकाच फलकाचा मोठा स्फटिक लागतो. धातूचा स्फटिक आरशासारखा असतो: पृष्ठभागाला समांतर होणारे कंपन तो झाकून टाकतो आणि लंब कंपन ठळक करतो. ऑक्साइड बहुतांश प्रकाश आत जाऊ देते, त्यामुळे संकेत सुमारे शंभरपट क्षीण होतो, परंतु (आणि हीच या उणिवेतली गंमत आहे) आडवे पडलेले रेणूही दिसतात, आणि ध्रुवण बदलले की शोषणाची खूण कधी वर, तर कधी खाली उमटत असल्याने रेणू कसा झुकला आहे हेही वाचता येते. त्यासाठी स्फटिक अतिनिर्वात पेटीत ठेवून बराच थंड करावा लागतो.

जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे क्रिस्टोफ व्योल यांच्या गटाने अशा मोजण्यांतून सिरियाच्या (111) फलकावर 2154 आणि (110) फलकावर 2170 असे आकडे निश्चित केले; कंसातले अंक फलकाची स्फटिकातली दिशा सांगतात. सिरियाच्या नॅनो-कांड्यांवर (110) आणि (100) फलक उघडे असतात, असा समज रूढ होता. 2017 मध्ये या कांड्यांच्या वर्णपटात ठळक खूण उमटली ती मात्र (111) फलकाची.