रेड : रुग्णनोंदींचे कोठार वाढविताना

'रेड' हा शब्द ऐकताच आपल्या व्यवसायबंधूंना आयकर खाते आठवते! येथे अभिप्रेत असलेली 'रेड' निराळी. १९८८ साली बर्कले विद्यापीठातील पॅटरसन, गिब्सन व काट्झ यांनी अनेक स्वस्त हार्ड डिस्क एकत्र जोडून, त्यांतील एखादी निकामी झाली तरी माहिती शाबूत ठेवण्याच्या पद्धती मांडल्या. त्यांनाच 'रेड'च्या पातळ्या म्हणतात.

२००२ च्या वैद्यकीय नियमावलीनुसार आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षे जपणे बंधनकारक आहे. बालरोगतज्ज्ञाला तेवढे पुरत नाही. लिंबायतमधील आपली खानदेशी कुटुंबे गावी जाऊन-येऊन असतात. लसीकरणाचे कार्ड हरवते आणि मूल दहा वर्षांचे झाल्यावर आमच्या संगणकातील नोंदच काय ती उरते.

पाचव्या पातळीचे तत्त्व सोपे आहे. तीन बालकांची वजने ४, ७ व ९ किलो, बेरीज २०. एक आकडा पुसला गेला तरी बेरजेवरून तो काढता येतो. अशीच एक 'बेरीज' (तिला पॅरिटी म्हणतात) सर्व डिस्कवर विखरून लिहिलेली असते. सहाव्या पातळीत अशा दोन असल्याने दोन डिस्क गेल्या तरी निभावते.

आमच्याकडे २ टेराबाइटच्या चार डिस्क पाचव्या पातळीवर होत्या; उपयुक्त जागा ६ टेराबाइट. आणखी दोन जोडून सहावी पातळी घेतल्यास ८ मिळणार होते. पाचवीच ठेवली असती तर १०. परंतु एकाच दिवशी घेतलेल्या डिस्क एकत्रच म्हाताऱ्या होतात, म्हणून २ टेराबाइटचा मोह सोडला.

पातळी बदलताना कंट्रोलर जुन्या मांडणीतील प्रत्येक ठोकळा वाचतो, नवे गणित करतो आणि सहाही डिस्कवर पुन्हा लिहितो. ओपीडी चालू असतानाच हे तासन्‌तास, कधी दिवसन्‌दिवस चालते. वर्षानुवर्षे न वाचलेले कोपरेही तेव्हा वाचले जातात व लपलेला दोष वर येतो.

"रेड आहे, मग वेगळा बॅकअप कशाला?" असे तंत्रज्ञ म्हणाला आणि मी मान डोलावली. निम्म्यावर एक जुनी डिस्क गेली. काही तासांनी दुसरीही वाचेना. हाती होती ती तीन आठवड्यांपूर्वीची प्रत. त्या तीन आठवड्यांतील बालकांच्या पालकांना फोन करून कार्डांवरून नोंदी पुन्हा भरल्या. काही कुटुंबे मात्र सापडलीच नाहीत.

आता आम्ही आधी संपूर्ण प्रत घेतो आणि ती उघडून पाहतो; मग डिस्क तपासतो, कंट्रोलरची बॅटरी व यूपीएस पाहतो, त्यानंतरच नवी डिस्क बसवितो. ती जुनीपेक्षा लहान चालत नाही. एकदा सुरू झालेला बदल बहुधा मध्येच मागे फिरविता येत नाही, हेही ध्यानात असावे.

राहता राहिले पाणी. ऑगस्ट २००६ चा तापीचा महापूर सुरतकर विसरलेले नाहीत आणि मिठी खाडी तर आपल्या दाराशीच आहे. सहाही डिस्क एकाच पेटीत. पेटी बुडाली की पाचवी काय नि सहावी काय! त्यामुळे एक प्रत आता दवाखान्याबाहेर, तिसऱ्या मजल्यावरील माझ्या घरी असते आणि दर शनिवारी ती बदलली जाते.